गावाचा धूर

चिम्पोला, डेडझा
११ मे

मेलिफे,

तुझं पत्र मिनीबसवाल्या योसेफेनं आठवडाभर खिशात फिरवलं आणि वर मलाच म्हणतो, "शहरातली माणसं उशिराच लिहितात." फोन का करत नाहीस, असं तू विचारलंयस. अगं, इथं रेंज येते ती फक्त आंब्याच्या झाडाखाली, आणि तिथं बाराही महिने अर्धं गाव शेंगा सोलत बसलेलं असतं. तिथून मी तुझ्या आत्याबद्दल एक शब्द काढला, तर मी घरी पोचायच्या आधी तो तिच्या कानात. त्यापेक्षा पत्र बरं.

आधी बातमी ऐक. आमच्या तियेसे गटानं गावातल्या बासष्ट घरांपैकी एकसष्ट घरांत मातीची शेगडी नेली. एकसष्ट! "करून बघू" म्हणून तियेसे नाव ठेवलं होतं, आता करून दाखवलं. लाकडाची मोळी पूर्वी दोन दिवसांत संपायची, ती आता आठवडा पुरते. टेकडीवर लावलेल्या रोपांना कुणी कोयता लावत नाही. शेगडी ओसरीत ठेवायची, तिथंच मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटायचा, त्यामुळे स्वयंपाकघरात धूर म्हणून नाही. ज्या घरात शेगडी आली त्या घरानं आपल्या चुलीचे तिन्ही दगड आणून गावाच्या तोंडाशी टाकायचे, हा नियम माझाच. त्या दगडांचा ओटा बांधतोय. ऑक्टोबरात तुमच्या ऑफिसचे साहेब बघायला येणार, आणि सगळी घरं झालेली असली तर ओट्यावर "बिनधुराचं गाव" अशी पाटी लागणार. तू तिथंच टायपिंग करतेस, तर आमच्या गावाचं नाव नीट टाइप कर.

बियाण्याचंही बघितलंय. कीड लागू नये म्हणून चुलीवरच्या धुरात मक्याची कणसं टांगायची जुनी रीत आता कशी चालणार? म्हणून साहेबांनी घरटी एक हवाबंद पिशवी दिली. दाणे सोलून भरायचे, तोंड आवळायचं, पेरणीपर्यंत उघडायचं नाही. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि पिशव्या नेल्या.

राहिलं एक घर. कुणाचं, ओळख. गटाच्या सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्याच आईचं, तुझ्या आत्याचं! मी शेगडी पुढ्यात ठेवली तर म्हणाली, "मडकी घडवण्यात माझा जन्म गेला, आणि तू मला माती शिकवतेस?" भर सभेत आमची अध्यक्ष नाम्वाले म्हणाली, "फालेसी, आधी आपल्या घरातला धूर बघ." सगळ्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटीची मला हाव आहे, नाही कशाला म्हणू? पण खरं कारण वेगळंच आहे. मार्चमध्ये आईला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून काळी झालीत, आणखी वर्ष-दोन वर्षं धुरात काढली तर काही खरं नाही. हे तिला सांगितलं तर म्हणते, "तो डॉक्टर काल जन्मला." मेलिफे, मला माझी आई हवी आहे. तू तिच्या चुलीशी वाढलीस, तुझं ती ऐकते. तिला लिही, मी वाचून दाखवीन.

तुझी,
फालेसी


लिलाँग्वे
२७ मे

फालेसे,

आत्यासाठी चिठ्ठी सोबत आहे. जशीच्या तशी वाच, मध्येमध्ये तुझं भाषण घुसवू नकोस.

पण चिठ्ठीनं काही होईल असं मला वाटत नाही. ते दगड आजीनं नदीतून डोक्यावर आणले होते. माझी आई गेल्यावर बाबांनी मला तुमच्याकडं आणून सोडलं, तेव्हा पहिल्याच दिवशी आत्यानं मला त्या चुलीशी बसवलं आणि म्हणाली, "ही आता तुझीही." त्या चुलीनं भाजल्याचा डाव्या पोटरीवरचा डाग अजून आहे. तू ढकललं होतंस. मी विसरलेली नाही, हे लक्षात असू दे.

मला विचारशील तर उपाय सोपा आहे. आत्या कुठं बाहेरगावी गेली की उचल दगड आणि बसव तुझ्या ओट्यात. महिनाभर बोलणार नाही. मग भाजीत मीठ कमी पडलं म्हणून भांडायला तरी बोलेलच!

मी बरी आहे. इथं सगळे कोळशावर रांधतात, आणि ऑफिसात बसून मी बिनधुराच्या गावांच्या याद्या टाइप करते. हसू येतं.

तुझी,
मेलिफा


चिम्पोला
२० जून

मेलिफे,

तू सांगितलंस तसं केलं.

तुझी चिठ्ठी ऐकून आई म्हणाली, "पोरगी गोड लिहिते," आणि उठून चुलीत लाकूड सारलं. मग गेल्या आठवड्यात शेजारच्या गावी मयत झालं. तिकडं तिला दोन दिवस राहावं लागलं. मी आणि नाम्वालेनं दगड उचलले. जड होते गं, मधल्यानं माझा अंगठा चेचला. ओट्यात पुढच्या बाजूला, मानाच्या जागी बसवलेत.

आई परत आली. दारात उभी राहून चुलीच्या जागेकडं बघत राहिली. तिथली जमीन काळी, खोल झालेली आहे. मी शेगडीवर चहा ठेवला होता, तिला आवडतो तसा साखर ओतून. ती म्हणाली, "मला विचारलं असतंस तर?"

मी म्हणाले, "विचारून तू हो म्हणाली असतीस?"

तिनं चहा तेवढा घेतला. आता रोज शेगडीवर रांधते. माझ्याशी बोलते, पण पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. सकाळी उठून घरोघर जाऊन बसते. माझी गाऱ्हाणी सांगत असणार. सांगू दे. परवा माझ्या घराच्या ओसरीशीही येऊन उभी राहिली होती. मी साहेबांचा फॉर्म भरत होते, "आई, आत्ता नको" म्हणाले, तशीच परत गेली.

पण बासष्टपैकी बासष्ट झाली, मेलिफे! आणि तिचा खोकला आता जाईल. त्यापुढं रुसव्याचं काय मोठंसं?

तुझी,
फालेसी


लिलाँग्वे
४ जुलै

अगं बाई फालेसे,

मी गंमत केली होती! तू लहानपणापासूनच अशी आहेस, कुणी "उडी मार" म्हटलं की मारून मोकळी. आत्याचे दगड न विचारता उचललेस? आणि त्यात माझं नाव!

आता जे झालं ते झालं. पण जा आणि तिच्या पायाशी बस. "चुकलं" म्हण. फॉर्म नंतर भर.

मेलिफा


चिम्पोला
९ ऑगस्ट

मेलिफा,

गंमत तुझी आणि अंगठा माझा. असो. तुझ्यावर रागावलेय, पण लिहायला दुसरं कुणी नाही.

"चुकलं" मी म्हणणार नाही. माझं चुकलेलं नाही. तिचा जीव वाचवायला केलं.

पण एक कळत नाही. स्वयंपाकघरात धुराचा मागमूस नाही आणि खोकला वाढलाय. सकाळी इतकी ढास लागते की खांब धरून उभी राहते. डोळे लाल. मी म्हणते, डेडझाची ऑगस्टातली थंडी आहे, त्यामुळे असेल. त्यात ती घरात टिकत नाही. उठली की ओढ्यापलीकडच्या मातीच्या खाणीवर जाते, तिथं तिची मडकी सुकवायची जुनी खोपी आहे ना, तिथंच दिवसभर. "काय करतेस?" विचारलं तर म्हणते, "मडकी." दोन महिने झाले, एक मडकं घरी आलेलं नाही. बाकीच्या बायकाही टोपल्या झाकून तिकडं जातात. नाम्वाले म्हणते, शेगड्यांसाठी माती आणायला. बरं आहे, म्हातारीला सोबत होते.

माझी बियाण्याची पिशवी मी खाटेखाली ठेवलीय. उघडायची नाही म्हणून सांगितलंय, उघडत नाही. आईनं एकदा विचारलं, "तुझं बी कुठंय?" म्हणाले, "पिशवीत, हवाबंद." ती "बरं" म्हणाली.

साहेब बारा ऑक्टोबरला येणार. ओटा मात्र झक्क झालाय.

फालेसी


लिलाँग्वे
३१ ऑगस्ट

फालेसे,

राग गेला का? जाऊ दे आता. मी तुझ्यासाठी निळं कापड घेतलंय, योसेफेबरोबर पाठवते. पाटीच्या दिवशी नेस.

एक मजा सांगते. आत्यानं योसेफेच्या हाती मला एक कणीस पाठवलंय. एकच, आपल्या जुन्या लाल मक्याचं, कागदात बांधलेलं. निरोप असा की "वर टांग, खाऊ नको, बी दोन ठिकाणी असावं." कागद सोडला आणि माझे हात काळे झाले! ताजी काजळी गं. अख्ख्या खोलीला आत्याच्या चुलीचा वास आला. मी तिथंच खाली बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू? मग दाराच्या वर टांगलं.

पण एक सांग. तुमच्याकडं तर जूनपासून धूर बंद आहे. मग हे कणीस एवढं काळं झालं कुठं?

तुझी,
मेलिफा


चिम्पोला
१८ सप्टेंबर

मेलिफे,

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून खाणीवर गेले. भर दुपार होती. खोपीच्या छपरातून धूर निघत होता, सगळीकडून, झिरपल्यासारखा.

दार लोटलं. आत तीन दगड, नवे. मध्ये ओली लाकडं आणि मक्याची बुरकुंडं धुमसत होती, जाळ मुद्दाम होऊ दिलेला नव्हता. बाजूला ठोकळ्यावर आई. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काठीनं आग सारखी करायचं काम थांबलं नव्हतं. आणि वर बघितलं तर छपराला कणसांच्या जुड्याच जुड्या. काळ्या, तकतकीत. प्रत्येक जुडीला कापडाची एकेक पट्टी बांधलेली.

"कुणाची आहेत ही?" मी विचारलं.

"डोळे आहेत ना तुला? पट्ट्या बघ."

बघितल्या. प्रत्येक पट्टी कुणाच्या ना कुणाच्या कमरेला गुंडाळायच्या चितेंजेची होती. नाम्वालेची पिवळी. तिच्या सुनेची पोपटांची. गावप्रमुख बाईंची जांभळी. चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसणारीची. एकूण एक ओळखीची. एका जुडीला तेवढी पट्टी नव्हती, धुरात जळून गेली असेल. सगळ्या गावाचं बी तिथं होतं आणि माझंच नव्हतं.

मला सांगायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी नाम्वालेच्या दारात जाऊन ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगितलं की तुझ्या वहीत जातं, तुझ्या वहीतून साहेबांच्या वहीत. आम्हाला पाटीही हवी होती आणि बीसुद्धा." मी विचारलं, "मग पिशव्या?" म्हणाली, "माझ्या पिशवीत चर्चचे कपडे आहेत. काय सुरेख राहतात!"

घरी पळत आले आणि खाटेखालची पिशवी ओढली. तळाशी उंदरानं बोटभर भोक पाडलेलं. आत हात घातला तर पीठ हाताला लागलं आणि त्यात सोंडे वळवळत होते. एक दाणा धड नाही. आजीच्या हातचा तो लाल मका, मेलिफे. माझ्या घरातून संपला.

परत खाणीवर गेले. म्हणाले, "आई, जूनमध्ये सगळ्या घरांत गेलीस, कणसं मागून आणलीस. माझ्याकडं का नाही आलीस?"

"आले होते. तू म्हणालीस, आत्ता नको."

"मग घेऊन जायचीस! आपलंच घर आहे."

तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग म्हणाली, "विचारल्याशिवाय कुणाच्या घरातलं उचलायची मला सवय नाही."

मी तिथून निघाले ती ओढ्यात येऊन बसले. मी काय केलं, कळतंय ना तुला? बासष्ट घरांतला धूर मी बाहेर काढला आणि सगळाच्या सगळा माझ्या आईच्या छातीत भरला. पूर्वी ती दोन वेळच्या स्वयंपाकापुरती धुरात असायची. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गावातल्या बायका खोकत नाहीत, पोरांचे डोळे चुरचुरत नाहीत, हे खरं आहे. मी खोटी नव्हते. पण त्याची भरपाई ती एकटी करत होती, आणि मी ओसरीत बसून "बासष्टपैकी बासष्ट" असं लिहीत होते.

साहेब बारा तारखेला येणार. फॉर्ममध्ये काय लिहू? खोपी लपवली तर पाटी मिळते. सांगितली तर जाते, आणि बायका मला फाडून खातील. आणि खोपी बंद केली तर आई वाचते पण गाव पेरणार काय? तूच सांग.

फालेसी


लिलाँग्वे
२४ सप्टेंबर

फालेसे,

तुझं पत्र ऑफिसच्या संडासात जाऊन वाचलं, नाहीतर सगळ्यांसमोर रडले असते. दगड उचल म्हणणारी मीच. चुलीचा डाग माझ्या पायावर आहे आणि तरी मी त्यावर विनोद केला.

नाव न घेता साहेबांना विचारलं. म्हणाले, फॉर्ममध्ये "हो" आणि "नाही" असे दोनच रकाने आहेत, तिसरा नाही.

या वेळी मी सल्ला देणार नाही. मागच्या सल्ल्याचं काय झालं ते बघितलं. एवढंच म्हणते, मी साहेबांना विचारलं, तू मला विचारलंस. जिची छाती आणि जिची आग, तिला अजून विचारलेलं नाहीस.

तुझी,
मेलिफा


चिम्पोला
८ डिसेंबर

लाडके मेलिफे,

दोन-अडीच महिने पत्र नाही म्हणून तू घाबरली असशील. आई आहे. आधी तेच लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पहार घेऊन ओट्याकडं गेले आणि आजीचे तिन्ही दगड उचकटून काढले. नदीचे गुळगुळीत आहेत, लगेच ओळखू आले. एकेक करून डोक्यावर खाणीपर्यंत नेले. आईपुढं ठेवले आणि म्हणाले, "चुकलं. आता काय करू, तू सांग."

तिनं दगडांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आग माणसाला हवी असते. बियाला नुसता धूर पुरतो. आग बाहेर ठेवली आणि धूर आत नेला तर?" मी विचारलं, "हे तुला कधी सुचलं?" म्हणाली, "जुलैतच. पण नळ्या घडवायला दुसरे दोन हात लागतात. माझ्याच्यानं ओली माती उचलवत नाही आता."

मग आम्ही दोघींनी मातीच्या नळ्या घडवल्या. पहिल्या तडकल्या. दुसऱ्या वेळी नाम्वाले आली, म्हणाली, "तुम्ही मायलेकी भांडताय का मडकी करताय?" आणि बसली मळायला. तिसऱ्या वेळी जमलं. आता आजीच्या तीन दगडांमध्ये आग खोपीच्या बाहेर, खड्ड्यात असते. धूर नळीतून भिंतीत, भिंतीतून आत. आत कुणी बसत नाही. आग राखायला रोज एका घराची पाळी, आणि आई लांब झाडाखाली बसून सगळ्यांवर ओरडते.

माझी पहिली पाळी आली तेव्हा जुड्या फिरवायला मी आत गेले. शंभर आकडे मोजायच्या आत बाहेर पडले, डोळे फुटायची वेळ आली. ती चार महिने आत बसली होती.

फॉर्ममध्ये "नाही" लिहिलं. खाली रिकामी जागा होती, तिथं सगळं खरं लिहिलं. सभेत बायकांना आधी विचारलं. दोन तास आरडाओरडा झाला, मग नाम्वाले म्हणाली, "लिही बाई, पाटी काय पेरायची आहे?" साहेबांनी खोपी बघितली, नळीत डोकावले, शिंकले आणि गेले. पाटी आली नाही. ओट्यावर कोंबड्या बसतात.

डॉक्टर म्हणाले, जे काळं झालंय ते परत पांढरं होणार नाही. पण ढास कमी आहे. ती आता आडवी होऊन झोपू शकते. अजून किती दिवस, ते विचारायचं मी धाडस केलं नाही.

आता शेवटचं. पहिला पाऊस झाला आणि गेल्या मंगळवारी पेरणी निघाली. सकाळपासून बायका खोपीत येऊन आपापली पट्टी बघून जुडी सोडून नेत होत्या. मी सोडून देत होते, सगळ्यांच्या हाती देत होते. माझं वावर नांगरून पडलं होतं आणि माझ्याकडं एक दाणा नव्हता. बाजारातलं आणायचं ठरवलं होतं. नाम्वालेनं तिच्यातलं देऊ केलं, पण मला लाज वाटली.

दुपारपर्यंत छपराला एकच जुडी उरली. तीच, बिनपट्टीची. कुणी न्यायला येईना. आईनं तिची स्वतःची सकाळीच नेली होती. मी बाहेर येऊन तिच्यापुढं बसले. म्हणाले, "आई, माझं बी गेलं. तू मला थोडं देतेस?"

ती म्हणाली, "हे विचारायला सहा महिने लावलेस."

मग काठीनं आत दाखवून म्हणाली, "ती वरची तुझी. जूनपासून टांगलीय. माझ्या वावरातली आहे, तुझ्या घरातलं मी काही उचललं नाही. तू मागितल्याशिवाय तुझी कशी म्हणू? म्हणून पट्टी बांधली नाही."

मेलिफे, मी तिथंच हमसून रडले. मग तू पाठवलेलं निळं कापड नेसले होते, त्याचा काठ फाडला, आत गेले आणि जुडीला पट्टी बांधली. आई बाहेरून ओरडली, "अगं, आता सोडायचीच आहे तर बांधतेस कशाला?"

"बांधू दे," मी म्हणाले.

बांधली, आणि मग सोडली. संध्याकाळपर्यंत अर्धं वावर पेरून झालं. ती बांधावर बसून म्हणत होती, खोल टाक, अजून खोल. तुझ्या दारावरचं कणीस तसंच राहू दे. माझे हात अजून काळे आहेत, साबणानं निघत नाहीत. पत्राला डाग लागलेत, ते त्याचे.

तुझी,
फालेसी